शेवट कुणी कापला?

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा या आदिवासी गावात आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं तिथं पोचली. मुलं पळवणारी टोळी आली, असा ओरडा झाला. लोकांनी त्यांना धरलं, मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि त्या खोलीतच ठार केलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते. त्यातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले.

मंगळवेढ्याच्या माणसाला डवरी गोसावी नवा नाही. भगवे कपडे, खांद्याला झोळी, हातात डवर, तोंडी नाथांची गाणी. आमच्या मोहल्ल्यातही ते यायचे. आई सुपात ज्वारी घेऊन दाराशी जायची. ते गाणं म्हणायचे, लेकराबाळांना आशीर्वाद द्यायचे आणि पुढच्या दाराला जायचे. कोणाचं दार कोणत्या धर्माचं आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि आम्हीही त्यांना विचारलं नाही. दुष्काळी तालुक्यातला हा माणूस पोटासाठी राज्यभर फिरतो. त्याच्या फिरण्यालाच राईनपाड्यात पुरावा मानलं गेलं.

या हत्याकांडावर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं. अफवा, व्हॉट्सॲप, जमावाचं मानसशास्त्र, पोलिसांचं अपुरं बळ, भटक्यांकडे पाहण्याची आपली नजर, सगळ्यावर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण एका माणसाबद्दल कुणी बोललं नाही. तो माणूस म्हणजे एडिटर. हा लेख त्याच्याबद्दल आहे.

त्या उन्हाळ्यात देशभर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुलं क्रिकेट खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एक मूल उचलतात आणि सुसाट निघून जातात. खाली मजकूर असायचा की टोळी आपल्या भागात उतरली आहे, सावध राहा. भाषा बदलली की गावाचं नाव बदलायचं.

मूळ फिल्म कराचीची. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या ‘रोशनी’ या संस्थेसाठी ती २०१६ साली तयार झाली होती. मूळ फिल्ममध्ये पुढं काय होतं? मोटारसायकल वळून परत येते. मूल सुखरूप खाली उतरतं. त्या दोघांपैकी एकजण फलक उघडून कॅमेऱ्यासमोर धरतो. मूल पळवायला क्षणभर पुरतो, आपल्या लेकरांवर लक्ष ठेवा, असा त्याचा मतलब. म्हणजे ती पालकांना जागं करणारी जाहिरात होती. आपल्याकडे जी प्रत फिरली, तिच्यातून हा शेवट काढून टाकलेला होता.

मे २०१८ मध्ये बंगळूरच्या चामराजपेटेत राजस्थानातून आलेल्या एका तरुणाला जमावानं मुलं पळवणारा समजून मारून टाकलं, तेव्हा हीच फीत हातोहात फिरत होती. तिच्या जोडीला आणखी एक होती. ओळीनं निजवलेली मृत मुलं, आणि खाली लिहिलेलं की अवयव काढून ही मुलं फेकून दिली आहेत. प्रत्यक्षात ती मुलं सीरियातल्या घौता इथं ऑगस्ट २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात मेली होती. पहिल्या फितीचा शेवट कापला होता, दुसरीचं ठिकाण आणि साल कापलं होतं.

हे आपोआप होत नाही. फाइल पुढं पाठवताना शेवट गळून पडत नाही. कुणीतरी ती फिल्म शेवटपर्यंत पाहिली. मूल परत आलेलं पाहिलं, फलक वाचला. आणि मग ठरवलं की एवढं लोकांना दिसता कामा नये. बोट ठेवलं, तेवढा तुकडा काढला, फाइल सेव्ह केली. खटला चालतो तो मारणाऱ्यांवर. कापणारा कुठल्याच पिंजऱ्यात उभा नाही.

अख्खं पाहिलेला माणूस

कॅमेरावाला समोर घडतं तेवढं टिपतो. फॉरवर्ड करणाऱ्याच्या हातात तयार तुकडा येतो. जमाव तर तोही धड पाहत नाही, कुणीतरी पाहिलाय एवढ्यावरच तो धावतो. या सगळ्या साखळीत अख्खं पाहिलेला आणि त्यातलं काय वगळलं हे जाणणारा माणूस एकच असतो, एडिटर. म्हणून त्याची जबाबदारी पुढं पाठवणाऱ्यापेक्षा जास्त आहे. आपण मात्र ती शून्य धरून चाललो आहोत.

ही कला काय आहे, ते आधी समजून घेऊ. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा फिल्मच्या पट्टीला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत आणि जोडण्यापर्यंतच्या कामात सरस्वतीबाई फाळके राबत होत्या. आपल्या सिनेमाच्या जन्मावेळी कात्री एका मराठी बाईच्या हातात होती. पडद्यावर त्यांचं नाव झळकलं नाही. एडिटरनं दिसू नये, ही या धंद्याची रीत तेव्हापासूनची.

पुढं काही वर्षांनी रशियात लेव कुलेशोव या दिग्दर्शकानं एक प्रयोग केला. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला. त्याला एकदा सुपाची ताटली जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक स्त्री. पाहणारे म्हणाले, काय अभिनय आहे! भूक दिसली, दुःख दिसलं, आसक्ती दिसली. चेहरा तर एकच होता. अर्थ चेहऱ्यात नव्हता, जोडात होता. जगभरच्या फिल्म शाळांत हा प्रयोग आजही पहिल्या धड्यात येतो. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९६० पासून शिकलेल्या एडिटरांच्या पिढ्यांना तो तोंडपाठ असतो.

परदेशी उदाहरण नको असेल तर ‘शोले’ घ्या. १९७५ चा हा सिनेमा गावोगावच्या टूरिंग टॉकीजनी किती वेळा दाखवला असेल, त्याला गणती नाही. एवढ्या गाजलेल्या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं ते एकच, आणि ते एडिटिंगचं, एम. एस. शिंदे यांना. गावच्या इमामसाहेबांचा मुलगा अहमद आठवा. गब्बरच्या तावडीत तो सापडतो. गब्बर आपल्या हातावर चालणारी मुंगी पाहतो, आणि फटका. पुढच्या दृश्यात घोडा अहमदचं प्रेत घेऊन गावात येतो. अहमदला मारताना पडद्यावर कुणी पाहिलेलं नाही. तरीही थिएटरातून बाहेर पडणारा प्रत्येकजण तो खून पाहून आलेला असतो. मुंगी आणि घोडा यांच्या मधल्या रिकाम्या जागेत खून आपण स्वतः करतो.

कात्रीची ताकद ही आहे. जे दाखवलं नाही ते पाहणाऱ्याच्या डोक्यात घडतं. शिंद्यांच्या हातात या ताकदीनं रामगढचं दुःख आपलं केलं. कराचीच्या जाहिरातीचा शेवट कापणाऱ्याच्या हातात त्याच ताकदीनं अनोळखी माणसाला राक्षस केलं.

आवाज कापता येतो, तारीखही कापता येते

१६ एप्रिल २०२०. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक जमावाकडून मारले गेले. तिथंही आधी अफवाच होती, चोर आणि मुलं पळवणाऱ्यांची. हत्येची फीत बाहेर आली आणि तिच्यातला एक आरडाओरडा उचलला गेला. गोंगाटात कुणीतरी ‘ओए बस’ म्हणत होतं. त्याचं ‘शोएब’ झालं. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला, पडद्यावर नाव लिहिलं, आणि ऐकणाऱ्याला तेच ऐकू यायला लागलं. आधी अक्षरं वाचायला दिली की कान डोळ्यांचं ऐकतात. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. पण तोवर राज्यातल्या किती शोएबांनी घराबाहेर पडताना दहादा विचार केला असेल?

त्याच महिन्यात आणखी एक फीत फिरली. एक मुसलमान तरुण गाडीत पोलिसावर थुंकतो. खाली लिहिलेलं, निजामुद्दीनच्या तबलिगी जमातचा माणूस करोना पसरवतोय. ते दृश्य फेब्रुवारीतलं, मुंबईकडचं, एका कच्च्या कैद्याचं होतं. तबलिगी प्रकरण सुरू होण्याआधीचं. त्याच्या रागाचा आणि रोगाचा काही संबंध नव्हता. इथं चित्रातलं काहीच कापलं नव्हतं, फक्त तारीख कापली होती. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या अपप्रचारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. निकालपत्र किती जणांनी वाचलं आणि ती फीत किती जणांनी पाहिली, याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या मोबाइलमध्ये पाहावा.

इथवर वाचून आमचे अनेक बांधव मान डोलावत असतील. बघा, आमच्यावर कसा अन्याय होतो. अन्याय होतो, यात शंका नाही. पण आता पुढचंही वाचा.

राईनपाडा घडलं त्याच दिवशी रात्री मालेगावात परभणीकडून भिक्षेसाठी आलेलं एक कुटुंब जमावानं घेरलं. सोबत लहान मूल होतं. संशय तोच. वस्ती आमची होती. जमाव आमचा होता. ज्या मोबाइलमध्ये त्या फिती होत्या, ते मोबाइल आमचे होते. त्या कुटुंबाला घरात घेऊन दार लावणारा माणूसही आमचाच होता, आणि तो त्या दारात उभा राहिला म्हणून पोलिसांना त्यांना जिवंत बाहेर काढता आलं. पोलिसांची गाडी जमावानं उलटवली, तरीही ते कुटुंब वाचलं. त्या एका माणसाचं कौतुक करताना बाहेरच्या शेकडो जणांना विसरता येणार नाही. कापलेल्या फितीला धर्म नसतो. ती ज्याच्या हातात जाते, त्याच्या भीतीचा रंग घेते.

आमच्या घरातली कात्री

आता घरातलं सांगतो. माझा भाचा मंगळवेढ्यात लग्नाच्या शूटिंगचं आणि मिक्सिंगचं काम करतो. आमच्याकडे एडिटिंगला अजून मिक्सिंगच म्हणतात. कॉम्प्युटरवर एडियस, मोबाइलमध्ये काइनमास्टर. हुशार पोरगा आहे. वराकडच्या रुसलेल्या आत्याला शेवटच्या अल्बममध्ये हसताना दाखवायचं कसब त्याच्याकडे आहे.

दोन वर्षांपूर्वी एकजण त्याच्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आला. आमच्याच समाजातला, फक्त दुसऱ्या गटाचा. पेनड्राइव्हमध्ये एका मौलानांचं जुम्म्याचं बयान होतं, चाळीस मिनिटांचं. मौलाना म्हणाले होते की काही लोक सांगतात, उरुसाला जाणारा मुसलमानच नाही. आणि लगेच पुढं त्यांनी ते खोडून काढलं होतं. असं कुणी कुणाला इस्लामबाहेर काढू शकत नाही, हा हक्क कुणालाही दिलेला नाही, असं ते बराच वेळ समजावत होते. गिऱ्हाइकानं सांगितलं, ‘काही लोक सांगतात’ एवढं सुरुवातीचं काढ आणि पुढचं खोडणं काढ. मधलं एक वाक्य ठेव. स्टेटसला टाकायचंय. पाचशे रुपये देतो.

भाच्यानं काढलं. बावीस सेकंदांचा तुकडा झाला. उरुस आठ दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी मौलानांच्या मागं नमाज पढायला अर्धा मोहल्ला आला नाही. तिसऱ्या दिवशी मशिदीच्या आवारात हातघाई झाली. मौलाना हात जोडून सांगत होते की माझं पूर्ण बयान ऐका. कोण ऐकणार? महिनाभरात ते आपलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावी गेले. ज्या माणसानं लोकांना एकमेकांना काफिर म्हणू नका असं सांगितलं, तो लोकांना काफिर म्हणतो म्हणून गावाबाहेर गेला.

मी भाच्याच्या दुकानात गेलो. त्याला विचारलं, ‘तू तर पूर्ण ऐकलं होतंस ना?’

तो म्हणाला, ‘मामू, मैं क्या करूँ? गिऱ्हाईक बोल्या वैसा काट्या.’

मी म्हणालो, ‘गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण गावात पूर्ण बयान लक्ष देऊन ऐकलेली माणसं किती होती? मशिदीत निम्मे पेंगत होते. तू हेडफोन लावून ऐकलंस. वाक्य कुठं संपतं ते बघायला तीनदा मागं-पुढं केलंस.’

तो गप्प बसला. नंतर त्यानं स्वतःहून हार्ड डिस्कमधलं पूर्ण बयान काढून ग्रुपवर टाकलं. चाळीस मिनिटांचं कोण पाहतं? बावीस सेकंद आधीच सगळीकडे पोचले होते. कापलेलं परत जोडता येतं. पोचलेलं परत बोलावता येत नाही. मेहरबानी एवढीच की आमच्याकडे कुणाचा जीव गेला नाही.

तीन सबबी

या धंद्यातल्या मुलांशी बोलताना तीन सबबी हमखास ऐकायला मिळतात.

पहिली: आम्ही फक्त तंत्रज्ञ, सांगितलं ते केलं. मग वकिलाच्या कारकुनानं खोटा दस्त टाइप केला तर? औषध दुकानदारानं बाटलीवरची तारीख खोडून दिली तर? तिथं आपण ‘फक्त’ चालवून घेत नाही. एडिटरला तर खोटेपणा टाइप करणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण खरं काय होतं ते त्याच्या स्क्रीनवर बाजूच्याच खिडकीत उघडं असतं.

दुसरी: कापल्याशिवाय व्हिडिओ होतच नाही, मग सगळेच गुन्हेगार का? ही सबब जरा विचार करण्यासारखी आहे. खरंच, कापणं हीच या कलेची भाषा आहे. आठ तासांचं लग्न दोन तासांत बसवायचं तर सहा तास कापावेच लागतात. पण लग्नाची फिल्म पाहणाऱ्याला ठाऊक असतं की हे निवडलेलं आहे. सिनेमा पाहणाऱ्याला ठाऊक असतं की हे रचलेलं आहे. राईनपाड्याच्या काळात फिरलेली फीत सांगत होती की हे घडलं, जसंच्या तसं घडलं, आणि तुझ्या गावात घडलं. कापणं हा गुन्हा नाही. कापून अख्खं म्हणून विकणं हा गुन्हा आहे. आमच्या मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. दुसरीकडची ज्वारी पोत्यात भरून वर मंगळवेढ्याचा शिक्का मारला तर तालुका पेटून उठेल. दाण्याच्या बाबतीत आपण एवढे जागे आहोत, तर बोललेल्या शब्दाच्या बाबतीत का नाही?

तिसरी सबब नवी आहे: आता एआय आलं, माणूसच खोटा बनवता येतो, आमच्या कटचं काय घेऊन बसलात? खोटे चेहरे आणि खोटे आवाज येताहेत, ते धोकादायक आहेतच. पण ध्यानात ठेवा, २०१८ च्या त्या फितींसाठी कुठलंही आधुनिक तंत्र लागलं नाही. त्यातलं प्रत्येक चित्र खरं होतं. कराचीची मुलं खरी, सीरियाची मुलं खरी. फक्त शेवट, ठिकाण आणि साल काढून घेतलं. सगळ्यात स्वस्त खोटं अजूनही कात्रीनंच बनतं, आणि ते पकडायला सगळ्यात अवघड, कारण उरलेलं सगळं खरं असतं.

सनद

अर्धवट कापण्याचा धोका आमच्या परंपरेला नवा नाही. सूरह निसामध्ये नशेच्या अवस्थेत नमाजजवळ जायला मनाई करणारी आयत आहे. तिच्यातली नशेची अट वगळून वाचली तर ती नमाजलाच मनाई करते. अर्धं सांगून फसवणाऱ्याला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या याच आयतीचा दाखला दिला जातो. सूरह हुजुरातमध्ये तर थेट बजावलं आहे की भरवशाच्या नसलेल्या माणसानं बातमी आणली तर आधी खातरजमा करा, नाहीतर अजाणता कुणाला इजा कराल आणि मग पस्तावाल. राईनपाड्याचं आणि मालेगावचं वर्णन याहून वेगळं काय करायचं?

हदीसच्या शास्त्रात मजकुराआधी सनद पाहतात. हे कुणाकडून ऐकलं, त्यानं कुणाकडून, तो माणूस खरा होता का, त्याची स्मरणशक्ती चांगली होती का. साखळीतला एक दुवा गायब असेल तर रिवायत जईफ, म्हणजे दुबळी ठरते. वाक्य कितीही सुंदर असो. त्या उलेमांनी एकेका वाक्यासाठी मैलोन् मैल प्रवास केले. त्यांचे वारस म्हणवणारे आपण, ‘फॉरवर्डेड’ एवढा शब्द वर असलेली क्लिप सेहरीपूर्वी चाळीस जणांना पाठवतो. तो शब्द काय सांगतो? फक्त एवढंच, की हे कुणाकडून तरी आलं. नाव नाही, गाव नाही, दुवा नाही. साखळी आहे पण कड्या गायब. आपल्याच कसोटीवर ही रिवायत टिकत नाही.

कंपनी, कायदा आणि संघटना

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपनं ‘फॉरवर्डेड’ हा शिक्का आणला, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढं पाठवायची मर्यादा घातली. १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. दोन्ही पावलं गरजेची होती. पण दोन्ही पुढच्या टोकाकडे पाहतात. एक पाठवणाऱ्याला अडवतं, दुसरं मारणाऱ्याला. तुकडा जिथं तयार होतो त्या टेबलापाशी कुणीच पोचत नाही.

तिथं पोलीस पाठवा, असं मी म्हणत नाही. पोलीस आले तर आधी कुणाच्या दुकानात येतील, ते मला ठाऊक आहे आणि वाचकांनाही ठाऊक आहे. हे काम या धंद्यातल्या लोकांनीच करायला हवं. गावोगाव फोटोग्राफर-व्हिडिओग्राफरांच्या संघटना आहेत. १९ ऑगस्टला छायाचित्रण दिनी कॅमेऱ्याची पूजा होते, हार-नारळ होतो. लग्नसराईचे दर ठरतात आणि दर पाडणाऱ्याला समज दिली जाते. दर पाडणाऱ्याला समज देता येते, तर माणूस पाडणाऱ्याला का नाही?

पुण्यामुंबईच्या एडिटरांनाही एक सांगणं आहे. तुमच्या परिषदा, तुमचे पुरस्कार, तुमची कुलेशोववरची व्याख्यानं मोलाची आहेत. पण या राज्यातलं बहुतेक एडिटिंग आज तुमच्या स्टुडिओत होत नाही. ते मंगळवेढ्यात, सांगोल्यात, साक्रीत, मालेगावात, दहा बाय दहाच्या गाळ्यात आणि मोबाइलच्या पडद्यावर होतं. ते करणाऱ्या पोराला जोड कसा मारायचा हे यूट्यूबनं शिकवलं. जोडानं काय होतं हे कुणी शिकवलं नाही. तालुक्याच्या गावी येऊन एक दिवस बसा. ‘शोले’तली मुंगी आणि घोडा दाखवा, मग कराचीची फिल्म आधी कापलेली आणि नंतर पूर्ण दाखवा. दुसरं काही शिकवायची गरज पडणार नाही.

आणि भाच्याच्या वयाच्या, भाच्याच्या धंद्यातल्या सगळ्या मुलांना माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. एक, मूळ फुटेज पुसू नका, निदान भाषणाचं आणि बयानाचं तरी. दोन, माणूस दुसऱ्याचं म्हणणं सांगून ते खोडत असेल तर खोडणं कापू नका. गिऱ्हाईक पाचशे देवो की पाच हजार. तीन, आपलं नाव टाका. लग्नाच्या फिल्ममध्ये तुमच्या स्टुडिओचं नाव गुलाबाच्या पाकळ्यांतून तीनदा फिरत येतं, खाली मोबाइल नंबर असतो. त्या बावीस सेकंदांच्या तुकड्यावर ते का नव्हतं? ज्या कामावर नाव टाकायला हात धजत नाही, ते काम करू नका. याहून सोपी कसोटी मला सुचत नाही.

वाचकांसाठी एकच. क्लिप आली की आधी विचारा, याचा शेवट कुठं आहे? पाठवणाऱ्याकडे शेवट नसेल, तर तुमच्याकडूनही ती पुढं जायला नको.

मंगळवेढ्यात राहून दामाजीपंतांची गोष्ट ऐकली नाही असा माणूस नाही, मग तो कुठल्याही धर्माचा असो. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं उपाशी रयतेला खुली केली. बीदरच्या बादशहाचं पकडण्याचं फर्मान निघालं. गोष्ट इथं कापली तर काय उरतं? एक जुलमी मुसलमान बादशहा आणि एक सज्जन ब्राह्मण कैदी. आजच्या बाजारात ही क्लिप जोरात चालेल. पण आमच्या गावानं शेकडो वर्षं ही गोष्ट पुढं सांगितली आहे. विठोबा विठू महार होऊन बीदरला जातो, धान्याचे पैसे भरतो, बादशहा त्याला पाहून भारावतो आणि दामाजीपंतांना मानानं सोडतो. देव महार होतो, बादशहाला देव दिसतो आणि रयत जगते. सगळं काही त्या शेवटात आहे.

या गावानं शेवट जपला म्हणून ही गोष्ट सगळ्यांची राहिली. आणि याच तालुक्यातली माणसं, कुणीतरी शेवट कापलेल्या फितींच्या त्या उन्हाळ्यात, परमुलखातल्या बंद खोलीत मेली. त्यांच्यासाठी मंगळवेढ्यानं निदान एवढं करावं. आपल्या गावातली कात्री पुन्हा कुणाचा शेवट कापणार नाही, एवढं तरी बघावं.